कुठून खाल्लंय, सांग

आमच्या कंपनीत यूव्ही या शब्दाला एकच अर्थ आहे: प्लास्टिक पिवळं पडणं. चाकणला आमच्याकडे दुचाकीचे प्लास्टिकचे भाग बनतात. मडगार्ड, दिव्यांची झाकणं, हँडलपुढे बसणारे धुरकट व्हायझर. माल उन्हात टिकेल की नाही हे बघायला क्वालिटीच्या खोलीत कपाटाएवढी एक पेटी आहे आणि तिच्यात जांभळट उजेडाच्या नळ्या आहेत. तुकडे आत ठेवायचे, ठरलेल्या मुदतीनं काढायचे, ताज्या तुकड्याशेजारी धरून बघायचे आणि पिवळे पडले असतील तर लॉटवर लाल स्टिकर मारायचं. हे काम मी इतकी वर्षं करतो आहे की लग्नाला गेलो तरी नवरीच्या शालूकडे बघून मनात येतं, हा रंग काही टिकायचा नाही.

पेटीच्या दारावर एक चित्र चिकटवलेलं आहे. डोळा, आणि त्याच्यावरून आडवी रेघ. नवीन लागलेली पोरं गंमत म्हणून दार किलकिलं करायला जातात तेव्हा मी त्यांना सगळ्यांसमोर झापतो. "डोळे काय फुकट आलेत का रे?" हे माझं ठरलेलं वाक्य आहे. हे आधीच सांगून टाकलं, कारण नंतर कुणी म्हणायला नको की याला बिचाऱ्याला माहीत नव्हतं.

आम्ही मूळचे माणदेशातले. वडील पिंपरीला कामाला लागले म्हणून इकडे आलो आणि थेरगावातच राहिलो. वडील गेले, त्याला बरीच वर्षं झाली. घरात आता आई, बायको आणि मी. आमची बिल्डिंग तीन मजल्यांची, आम्ही सगळ्यांत वर, आणि डोक्यावर गच्ची. आमच्या दारापुढचा पॅसेज म्हणजे आईचं कामाचं ठिकाण. गाडीत कुठे कुठे बसणारे रबराचे वायसर पोत्यात भरून येतात. साच्यातून काढलेल्या वायसरच्या कडेला पातळसा पापुद्रा राहिलेला असतो, तो छोट्या कात्रीनं गोल कापून काढायचा. मजल्यावरच्या चार बायका पाय पसरून बसतात, हात चालू आणि तोंडही चालू. आईला या कामाची गरज होती असं नाही. पण दुपारी बारा वाजता पॅसेजमध्ये बसली नाही तर तिला दिवस गेल्यासारखा वाटायचा नाही.

आणि तिची नजर! दुसऱ्या बाईनं कापलेल्या ढिगातून कुसळाएवढा पापुद्रा राहिलेला वायसर ती बोलता बोलता उचलून परत तिच्यापुढे टाकायची. कंत्राटदाराचा माणूस माल न्यायला आला की आईचं पोतं उघडूनही बघायचा नाही. आमच्या घरात दोन इन्स्पेक्टर होते आणि त्यातला धाकटा मी, असं बायको म्हणायची.

मधे काही वर्षं ही नजर अंधूक झाली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन उन्हाळ्यात झालं आणि पट्टी सुटली त्या दिवशी घरात नुसता गोंधळ. "आरं, भित्ताड पांढरं हाय व्हय? मला वाटलं पिवळा रंग दिलाय." मग तिनं स्वयंपाकघर बघितलं आणि सुनेला म्हणाली, "एवढी घाण हाय आपल्या घरात? आणि तू मला सांगितलं न्हाईस?" मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तू म्हातारा झालास की रं." मी तिला समजावून सांगितलं की डोळ्यातलं भिंग म्हणजे आमच्या कंपनीतल्या प्लास्टिकसारखंच, जन्मभर ऊन खाऊन पिवळं पडतं. जुनं पिवळं काढलं, नवं पांढरं बसवलं. ही उपमा मला स्वतःलाच इतकी आवडली की मी ती कंपनीत, बसमध्ये, भाच्याच्या बारशाला, सगळीकडे सांगत सुटलो. डावा डोळा दिवाळीनंतर करायचं ठरलं.

त्या वर्षी दिवाळीत सूर्यग्रहण आलं. लक्ष्मीपूजन झालं, पाडवा एक दिवस पुढे गेला आणि मधला अख्खा दिवस ग्रहणानं खाल्ला. सूर्य ग्रहणातच मावळणार होता. पहाटेपासून वेध. आईनं पाण्याच्या पिंपात तुळशीची पानं टाकली, फराळाच्या डब्यांवर एकेक पान ठेवलं आणि तोंडात पाण्याचा थेंब न घेता बसली. बायकोनंही तिच्याबरोबर ते पाळलं. मी मात्र मुद्दाम चकल्या खाल्ल्या, आवाज करत. मला या गोष्टींची पहिल्यापासून चीड. चीड होती म्हणण्यापेक्षा चीड असण्याचा अभिमान होता, हे जास्त खरं.

व्हायझर मी दिवाळीच्या सुट्टीआधीच घरी आणून ठेवले होते. एक लॉट रिजेक्ट झाला होता. उन्हाला दाद न देणारा जो मसाला प्लास्टिकमध्ये मिसळतात तो त्या लॉटमध्ये नीट पडला नव्हता आणि पेटीत तुकडे पिवळे पडले होते. लाल स्टिकर मीच मारलं होतं. भंगारात जाणारा माल. पण दिसायला काळाशार, डोळ्यांपुढे धरला तर ट्यूबलाइटसुद्धा मिणमिणता दिवा वाटावा. मला वाटलं, ग्रहण बघायला झकास. ज्या कारणासाठी तो माल मी नापास केला, त्याचा डोळ्यांशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मी म्हटलं ना, आमच्याकडे यूव्ही म्हणजे प्लास्टिक पिवळं पडणं.

दुपारी मी आईला म्हटलं, "चल वर. आयुष्यात एकदा ग्रहण बघ."

"मला न्हाई बगायचं. गिऱ्हाण बगत नसत्यात."

"का?"

"नसत्यात म्हंजी नसत्यात."

मग मी बेसनाचा लाडू घेतला आणि तिच्यापुढे बसलो. लाडू म्हणजे सूर्य, पणती म्हणजे चंद्र. पणती लाडवापुढून नेऊन दाखवली. राहू नाही, केतू नाही, सावलीचा खेळ. शिकवून झाल्यावर मी सूर्य खाऊन टाकला. ती सकाळपासून उपाशी होती आणि मी तिच्यासमोर लाडू खात होतो, हे तेव्हा माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

ती शांतपणे म्हणाली, "तू पोटात हुतास तवा असंच मोठं गिऱ्हाण लागलं हुतं. तुज्या आजीनं मला अंधाऱ्या खोलीत बसवलं. पाय लांब करून, हात मांडीवर ठिवून. हलले न्हाई, खाजवलं न्हाई, मुतायला उठले न्हाई. तुजं ओठ-कान शाबूत हायत ते कुणामुळं?"

"विज्ञानामुळं," मी म्हटलं. बायको आतून हसली आणि मला आणखी चेव आला. वाद घालताना माझी एक सवय आहे. समोरचा गप्प बसला तरी मी थांबत नाही, तो कबूल होईपर्यंत मागे लागतो. मी म्हटलं, "आई, तुझा विश्वास माझ्यावर आहे का टीव्हीवरच्या त्या ज्योतिष्यावर? एकदा काय ते सांग."

यावर कुठली आई काय बोलणार? ती गुडघ्यावर हात टेकून उठली. म्हणाली, "मंग माजा आपरेशनचा चष्मा तरी घालते." ऑपरेशननंतर दवाखान्यातून मिळालेला तो काळा, बाजूनं झाकलेला चष्मा तिनं कपाटातून काढला. मी म्हटलं, शाब्बास. त्याच्यावर आणखी माझा व्हायझर. डबल बंदोबस्त.

गच्चीवर कुणी नव्हतं. खाली डांगे चौकाकडे जाणारा रस्ता, ज्यावर एरवी चालायला जागा नसते, तो रिकामा पडला होता. वाकडच्या बाजूला उंच टॉवर आहेत, त्यांच्या वर सूर्य होता. मी आईचा चेहरा दोन्ही हातांनी त्या दिशेला वळवला आणि तिच्या डोळ्यांपुढे व्हायझर धरला.

"दिसलं?"

"दिसलं."

"काय दिसलं?"

"सूर्य."

"आणि ग्रहण?"

"हां, ते बी."

हे "हां" मी ओळखतो. लाइनवरचा माणूस न तपासता "हां साहेब, चेक केलं" म्हणतो, त्यातलं ते "हां" असतं. माझ्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. मी म्हटलं, "कुठून खाल्लंय, सांग."

"डावीकडनं," ती अंदाजानं म्हणाली.

"नीट बघ. खाली मान घालू नको. कुठून खाल्लंय?"

तिनं पुन्हा वर बघितलं. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू मधे येत होता म्हणून तिनं डावा मिटला आणि नुसत्या उजव्यानं, नव्या, चांगल्या डोळ्यानं ती बघत राहिली. "पाणी येतंया," ती म्हणाली. मी तिचा चष्मा जरा उचलून तिच्याच पदरानं पाणी पुसलं आणि म्हटलं, "येऊ दे, बघ." "सूर्य हालतोय," ती म्हणाली. मी म्हटलं, "तू हलू नको, मग तो हलणार नाही." किती वेळ हे चाललं, मला सांगता येत नाही. मी सूर्याकडे बघतच नव्हतो. एखाद-दुसरी नजर टाकली असेल. मला ग्रहण बघायचं नव्हतं, आईला ग्रहण बघताना बघायचं होतं.

आणि मग तिला ते दिसलं. तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. "उजवीकडनं!" ती ओरडली. "उजवीकडनं खाल्लंय. करंजीच्या कडंला बोट दाबल्यावानी." मी व्हायझर बगलेत मारून टाळ्या वाजवल्या, खरोखर वाजवल्या. ती हसत होती. "एवढंच व्हय? एवढ्याला आमी जल्मभर घाबरलो?" मग तिनं व्हायझर माझ्याकडून काढून घेतला आणि म्हणाली, "आता मला माजं मी बगू दे." टॉवरच्या मागे सूर्य जाईपर्यंत ती कठड्याला टेकून बघत उभी होती. मी तिचा मोबाइलवर फोटो काढला. तो फोटो अजून आहे. पुसायला हात होत नाही आणि उघडायलाही होत नाही.

खाली येऊन तिनं आंघोळ केली ती केलीच. जेवताना म्हणाली, "डोळ्याम्होरं सूर्य ऱ्हायलाय अजून." मी म्हटलं, फोटोचा फ्लॅश पडल्यावर राहतो तसा आहे, झोपलीस की जाईल.

दुसऱ्या दिवशी पाडवा आणि भाऊबीज एकत्रच आली. गावाहून मामा आला. आईनं पाट मांडला, रांगोळी काढली, तबक घेतलं आणि भावाला कुंकू लावलं ते भुवईवर. मामा म्हणाला, "आक्का, भावाचं कपाळ बी दिसंना व्हय आता?" आईनं घाईघाईनं पुसलं आणि पुन्हा लावलं, ते नाकाच्या शेंड्यापाशी आलं. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. आई पण हसली, पण तिचं बोट तबकाच्या काठावरून निरांजन कुठे आहे ते चाचपत होतं. मी ते बघितलं होतं. बघूनही मी दुसरी करंजी उचलली.

सुट्टी संपली, रबराचं पोतं आलं. दोन-तीन दिवसांनी मी कंपनीच्या बसमधून उतरून जिना चढत होतो तर शेजारच्या वहिनी मधल्या मजल्यावर थांबलेल्या. "भाऊजी, एक सांगू का? मी सांगितलं म्हणून आत्यांना कळू देऊ नका." त्यांनी मूठ उघडली. त्यात आठ-दहा वायसर होते आणि सगळ्यांची नुसती पापुद्र्याची कडच नाही, आतली रबराची ओठासारखी धारही कापलेली. "सोमवारपासून आम्ही तिघी त्यांचं पोतं निस्तरतोय. वाया गेलेले आमच्या पोत्यांत थोडे थोडे वाटून घालतो. पण हे किती दिवस चालणार?"

मी आईला विचारलं. ती म्हणाली, "कात्री बोथट झालीया." मला हे उत्तर इतकं हवं होतं की मी त्याच पावली खाली गेलो आणि कात्रीला धार लावून आणली. दुसऱ्या दिवशी त्या नव्या धारेनं तिचं बोट कापलं. मग मात्र तिलाही आणि मलाही कात्रीच्या आड लपता येईना.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई चौकापलीकडे बसतात. त्यांनी आईला चौकटींचा एक कागद दाखवला, मधे एक ठिपका. डावा डोळा झाकून विचारलं, ठिपका दिसतो का, रेघा सरळ दिसतात का. आई म्हणाली, "समदं दिसतंय." म्हणताना तिनं मान कोंबडीसारखी तिरकी केली. बाई म्हणाल्या, "आजी, मान सरळ. ठिपक्याकडे बघा." आईची मान पुन्हा तिरकी. मग बाईंनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "बरं, तुमच्या मुलाकडे बघा. काय दिसतं?"

आईनं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "कान दिसत्यात," ती म्हणाली. "तोंड न्हाई."

त्यानंतर बाईंनी यंत्रावर तपासलं आणि विचारलं, "ग्रहण बघितलं होतं का?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "व्हय. माजं मीच. ह्यो घरी नव्हता. कुरडया काढायला गच्चीवर गेले आणि बगितलं." दिवाळीत कोण कुरडया वाळवतं? पण बाईंनी ते मानलं आणि आईला बोलायला सुरुवात केली. आजी, या वयात हा कसला हट्ट, डोळ्याचं ऑपरेशन झालंय याचं तरी भान ठेवायचं, घरच्यांना विचारायचं तरी. आई मान खाली घालून ऐकत होती, शाळेत अंगठे धरायला लावलेल्या पोरीसारखी. आणि मी, घरचा, शेजारी उभा होतो. लगेच बोललो असं म्हणायला मला आवडलं असतं. बाईंची निम्मी-अधिक बोलणी आईनं खाऊन झाल्यावर मी म्हटलं, "मीच नेलं होतं वर. ती नको म्हणत होती."

मला वाटलं आता त्या माझ्यावर तुटून पडतील. मला ते हवंही होतं. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या आणि विचारलं, कशातून बघितलं. मी चष्म्याचं सांगितलं, व्हायझरचं सांगितलं, तो व्हायझर का रिजेक्ट झाला होता तेही सांगितलं. त्यांनी मग मला नीट, न चिडता समजावलं. काळं म्हणजे सुरक्षित नव्हे. काळ्या आडून बघितलं की डोळ्याला अंधार वाटतो, बाहुली मोठी होते, आपल्याला लख्ख वाटत नाही म्हणून आपण टक लावून बघतो. आणि जी किरणं दिसतच नाहीत, अतिनील, ती त्या उघड्या दारातून बाकीच्या उजेडाबरोबर सरळ आत जातात. त्याच किरणांनी जन्मभरात भिंग पिवळं होतं, मोतीबिंदू वाढतो, वेल्डिंगवाल्यांचे डोळे रात्री वाळू भरल्यासारखे खुपतात. पण पिवळं पडलेलं भिंग मागच्या पडद्याला थोडाफार आडोसाही करत असतं. तुमच्या आईच्या उजव्या डोळ्यातला तो आडोसा ऑपरेशनमध्ये निघालेला. तिथे कोणतंही भिंग बसवलेलं असो, सूर्याकडे टक लावण्यापुढे ते पुरत नाही. पडद्याचा नेमका मधला भाग भाजला आहे. दुखत नाही, कारण तिथे दुखण्याची सोयच नाही.

"आणि डावा?" मी विचारलं.

"डावा ठीक आहे. तो त्यांनी मिटला होता म्हणता, आणि उघडा असता तरी मोतीबिंदूनं बराच आडोसा केला असता."

म्हणजे जो डोळा वाईट म्हणून आम्ही काढायच्या यादीत ठेवला होता तो वाचला, आणि जो चांगला करून आणला तो मी घालवला. पिवळ्या प्लास्टिकची उपमा मी गावभर सांगत फिरलो होतो आणि तिचा अर्थ मला त्या खोलीत कळला. औषध असं काही नव्हतं. काही महिने वाट बघायची, थोडं भरून येईल, न येईल.

जिना उतरताना आई माझ्यावर भडकली होती. डोळ्यासाठी नाही. "तुला मधी बोलायला कुणी सांगितलं हुतं? मी घेत हुते की अंगावर. एवढा शिकलेला तू, चारचौघांत आपली अक्कल दाखवून आलास." एवढं बोलून तिनं पायरी चुकू नये म्हणून माझा दंड धरला.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती ताट वाढत होती. वाढता वाढता म्हणाली, "तुम्हाला आत्यांना ग्रहण दाखवायचं नव्हतं हो. तुम्हाला जिंकायचं होतं." मी तिच्यावर ओरडलो. खोटं बोलली असती तर ओरडलो नसतो.

आईनं चुकीचं मानलं आणि अंधाऱ्या खोलीत बसून मला जपलं, काही बिघडलं नाही. मी बरोबर होतो, पुस्तकात बघून बरोबर होतो, आणि तिला उन्हात उभं करून तिचा डोळा भाजला. यावर मी पुष्कळ विचार केला आहे. ग्रहण अशुभ असतं असं मी आजही मानत नाही. पण मी बरोबर आहे असं वाटायला लागलं की आता मला थोडी भीती वाटते.

पुढे डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि ते चांगलं झालं. आई त्या डोळ्यावर घर चालवते, टीव्ही बघते, सुनेला स्वयंपाकघरातली घाण दाखवते. उजव्यातला डाग थोडा आकसला, गेला नाही. वायसर कापताना तो मधे येतो, म्हणून ते काम तिनं सोडलं. दुपारी बारा वाजता ती पॅसेजमध्ये जाऊन बसते अजूनही. बायकांचे हात चालू असतात आणि ती रिकामे हात मांडीवर ठेवून गप्पा मारते. सुट्टीच्या दिवशी मी घरी असलो की दार लावून घेतो.

पण एक दिवस मला सगळ्यात जास्त आठवतो, तो त्याच दिवाळीनंतरचा. डॉक्टरांकडे जाऊन आल्याला थोडेच दिवस झाले होते. त्रिपुरी पौर्णिमा होती आणि त्या दिवशी चंद्रग्रहण आलं. फर्स्ट शिफ्ट करून मी घरी आलो तेव्हा बायको पणत्यांच्या वाती वळत होती आणि आई खिडकीपाशी खाटेवर बसली होती.

"आज चंद्राचं हाय म्हणं," आई म्हणाली.

"हं."

"खाल्लेलाच उगवणार हाय. टीव्हीवर सांगत हुते."

मी बूट काढत होतो. काढून झाले तरी वाकून बसलो. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "चंद्राचं बगितलं तर डोळ्याला काय हुतं व्हय रं?"

चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांनी बघता येतं हे मला पाचवीपासून माहीत आहे. चंद्राला स्वतःचा उजेड नाही, आणि ग्रहणातला चंद्र तर नेहमीच्या चंद्राहून सौम्य. तान्ह्या पोरानं बघितला तरी काही होत नाही. मी हे दहा जणांना दहा वेळा सांगितलं असेल, कुणी विचारलेलं नसताना. आता आई स्वतःहून विचारत होती आणि मी काढलेले बूट भिंतीशी सरळ लावत होतो.

"तू म्हणशील तर बगते," ती म्हणाली.

टोमणा असता तर मी तो आनंदानं झेलला असता. मी मान वर करून तिच्याकडे नीट बघितलं. टोमणा नव्हता. तिला खरोखरच बघायचं होतं. गच्चीवर तिला जे दिसलं होतं ते तिला आवडलं होतं. आणि ती मान जराशी तिरकी करून, मधला डाग चुकवून, माझं तोंड शोधत माझ्या उत्तराची वाट बघत होती.

"नको, आई," मी म्हटलं.

"बरं."

बायकोनं वात वळता वळता माझ्याकडे बघितलं. तिलाही माहीत होतं की चंद्राचं काही नसतं, मीच तिला शिकवलं होतं. तिनं पुढची वात घेतली. आईनं पाय लांब केले, हात मांडीवर ठेवले आणि भिंतीला टेकून हलली नाही. मी तिच्याशेजारी जाऊन बसलो.

काही वेळानं ती म्हणाली, "सुटलं का बग."

मी उठून खिडकीशी गेलो. समोरच्या बिल्डिंगमुळे तिथून चंद्र दिसतच नाही.

"सुटलं," मी सांगितलं.

"बरं झालं," म्हणून ती आंघोळीला उठली. कुठून खाल्लं होतं, एवढंसुद्धा तिनं मला विचारलं नाही.